आत्या जिलेबी टाकून उठली तेव्हा

सांगलीच्या विश्रामबागेतली ही लेक आता इंग्लंडात क्रॉलीला असते. पत्रात प्रश्न चार आहेत. तीन मी शेवटी उरकणार आहे, कारण चौथा वाचता वाचता माझा चहा गार झाला.

ती लिहिते, "काकू, आमच्या मंडळातला मिरजेचा एक जण सायंटॉलॉजी नावाच्या पंथात गेलाय. दर शनिवारी ईस्ट ग्रिन्स्टेडजवळ सेंट हिलला, त्यांच्या केंद्रात जातो. बायको जात नाही. मी ग्रुपवर त्या पंथाचं सगळं बाहेर काढलं आणि शेवटी लिहिलं, आपल्यातल्याही एका घरात हे चालतं, मुलांना तिकडं खेळायला पाठवू नका. तेव्हापासून त्याची बायको हळदीकुंकवालाही आली नाही. पण मी खोटं काय लिहिलं?"

खोटं नाही गं, अर्धं. भरमसाट पैशांचे कोर्स, हातात धातूच्या दोन नळ्या देऊन यंत्राच्या काट्यावरून मनातली गाठ शोधणं, टीका करणाऱ्या नातलगांशी संबंध तोडायला लावणं, हे तिथून बाहेर पडलेल्यांनीच जगाला सांगितलंय. फ्रान्समध्ये २००९ साली संस्थेला फसवणुकीबद्दल दंड झाला, २०१३ मध्ये तो कायमही झाला. इंग्लंडच्या धर्मादाय आयोगानं १९९९ मध्ये नोंदणी नाकारली. लिहावंच असं हे. पण अमेरिकेनं १९९३ मध्ये त्यांना करमाफी दिली, आणि इंग्लंडच्याच सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१३ मध्ये त्यांच्या लंडनच्या चॅपलमध्ये कायदेशीर लग्न लावायची वाट मोकळी केली, हे लिहिलंस का? नसशील. (आणि गंमत म्हणजे सेंट हिलचा तो वाडा पंथाचा संस्थापक हबर्ड यानं १९५९ मध्ये जयपूरच्या महाराजांकडून घेतला. महाराज बाहेर पडले, मिरजकर आत गेले.)

मी साताऱ्याची, त्यामुळे या विषयावर मला थांबवणं अवघड. डॉ. नरेंद्र दाभोलकर आमच्या गावचे. जन्मभर बुवाबाजीविरुद्ध उभे राहिले, २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला. देवाधर्माला आमचा विरोध नाही, त्याच्या नावावर चालणाऱ्या शोषणाला आहे, हे त्यांना सतत सांगावं लागायचं. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते झटले, तो विधिमंडळात संमत झाला तोही डिसेंबर २०१३ मध्येच. त्याची अनुसूची काढून वाच. तिथं कृत्यं मोजली आहेत, अघोरी उपचार, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण वगैरे. कोणाला मानता म्हणून शिक्षा नाही, काय करता म्हणून आहे. तू मात्र पंथाच्या कृत्यांपासून सुरुवात केलीस आणि शेवटी एका घराच्या दारावर खूण करून आलीस.

आता आत्याचं सांगते. घरातले म्हणतील, पुन्हा तेच. असू दे.

माझी सख्खी आत्या एका बुवाच्या नादी लागली होती. सोन्याच्या पाटल्या गेल्या, हातात नुसता हिरवा चुडा राहिला. माझे वडील, अण्णा, पक्के बुद्धिवादी. मोठ्या ताईच्या लग्नात, पंगत बसलेली असताना, ते हातात आमटीची बादली घेऊन तिच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "अक्का, आमटी वाढू, की तुमच्या बुवांच्या पायाचं तीर्थ?" पंगत हसली. मीसुद्धा हसले, चौदा वर्षांची होते. आत्यानं अर्धी जिलेबी पानावर ठेवली, हात न धुताच उठली. पुढं अकरा वर्षं राखी पोस्टानं आली, ती आली नाही.

बुवाबद्दल अण्णांचं सगळं बरोबर होतं. पण बुवाचं त्या दिवशी काय बिघडलं? काहीच नाही. उलट तो तिला सांगतच होता, माहेरचे लोक तुझे वैरी आहेत म्हणून. अण्णांनी ते भर पंगतीत खरं करून दाखवलं. पुढं तिचं तिलाच उमगलं, तरी बाहेर पडायला तिला चार वर्षं लागली. नंतर मला म्हणाली, "यायचं तर खूप होतं गं, पण कुठं येणार?"

त्या मिरजेच्या मुलाचंही तेच. बाहेरचे आपल्याला छळतात असं त्याला आत ऐकवत असतील, तर तुझा मेसेज त्यांनी चौकटीत लावावा असा आहे. आणि बायकोचा काय गुन्हा? तुझ्याकडं भडंग घेऊन येणारी तीच ना? तूच लिहिलंयस तसं.

शेवटची ओळ ग्रुपवरून काढ, आणि चुकलं असं तिथंच लिही, सगळ्यांसमोर. जिथं बोललीस तिथंच. मग तिच्या घरी जा. मेसेज नको, पाय टाक. पंथाबद्दल मत बदलायचं कारण नाही. त्यानं विषय काढला तर तोंडावर स्पष्ट बोल, कोर्सला पैसे मागितले तर स्पष्ट नाही म्हण. मुलांना मात्र खेळायला पाठव.

बाकीचं. सासूबाईंचा व्हिजिटर व्हिसा एका वेळी सहा महिन्यांचाच, त्याचं खापर नवऱ्यावर फोडू नकोस. मुलगा मराठी शाळेला कंटाळतो, सगळीच कंटाळतात, माझी दोन्ही कंटाळली. पोळ्या विकतच्या आणल्या म्हणून कोणी सांगलीला कळवत नाही.

आणि तिच्याकडं जाताना रिकाम्या हातानं जाऊ नकोस. या खेपेला भडंग तू कर, लसूण सढळ हातानं घाल.