गॅसचं किट घेऊ की नवा एसी? आधी कार्डाचं बिल बघू

प्रश्न: "दीड टनाचा, इन्व्हर्टर नसलेला स्प्लिट एसी आहे, सहा वर्षं जुना. नेमप्लेटवर आर-३२ गॅस, ८५० ग्रॅम असं लिहिलंय. सलग तीन उन्हाळे मेकॅनिक सर्व्हिसिंग करून गॅस भरून देतो. काही महिने छान चालतो, मग पुन्हा तेच. आता सुरू केल्यावर अर्धा तास बरा गार करतो, मग हवा मंदावते, आतल्या कॉइलवर बर्फ दिसतो आणि बंद केला की भिंतीवर पाणी गळतं. भर दुपारी कधी कधी बाहेरचं युनिट नुसतं घुमतं आणि बंद पडतं. गेज, नळ्या आणि गॅसचा डबा असं किट आणून मी स्वतः गॅस भरायला शिकावं का? की सरळ नवा पाच स्टारचा एसी कार्डावर बारा हप्त्यांत घ्यावा? वीजबिलात वाचेल त्यातून दोन-तीन वर्षांत वसूल होईल, असं विक्रेता म्हणाला. वार्षिक देखभाल करार आहे, पण त्यात गॅस बसत नाही. पैशाची तशी ओढाताण नाही. घरखर्चही कार्डावरच होतो, त्यावर थोडं देणं आहे. किमान रक्कम दर महिन्याला वेळेवर भरतो आणि अडीअडचणीची मुदत ठेव अजून मोडलेली नाही."

उत्तर: तुम्ही सगळ्या रकमा कळवल्या आहेत. त्या इथे देण्याऐवजी नव्या एसीची किंमत १०० धरू आणि बाकी सगळं त्याच मापात मोजू. म्हणजे तुमचं किट १५, एका वेळचा गॅस ८, देखभाल करार वर्षाला १२, एसीचं वर्षभराचं वीजबिल साधारण २०, कार्डावरची थकबाकी १५० आणि मुदत ठेव २००.

किट घेऊ नका. नवा एसीही आत्ता घेऊ नका.

एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद तांब्याच्या नळ्यांमधून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय, आणि ती जागा न शोधता वरून भरणं म्हणजे फुटक्या हंड्यात पाणी ओतणं. तुम्ही हे तीनदा केलंत. गॅसचे २४ आणि कराराचे ३६ मिळून ६० गेले. नव्या एसीच्या निम्म्याहून जास्त पैसे देऊन दुखणं जागच्या जागी आहे.

गॅस खरंच कमी होता का, हाही प्रश्नच आहे. दर वेळी सर्व्हिसिंग आणि गॅस एकाच दिवशी झालं. मग एसी गार झाला तो धुतल्यामुळे की गॅसमुळे? मेकॅनिकने गेज लावून आकडा दाखवल्याचं किंवा वजनकाट्यावर डबा ठेवून किती ग्रॅम भरले ते सांगितल्याचं तुमच्या पत्रात कुठेच नाही. तुम्ही लिहिलेली लक्षणं मुख्यतः कोंडलेल्या हवेची वाटतात. कॉइलवरून पुरेशी हवा गेली नाही की कॉइल शून्याच्या खाली जाते, तिच्यावर ओलावा गोठतो, बर्फामुळे हवा आणखी अडते आणि बंद केल्यावर तो सगळा बर्फ एकदम वितळून ट्रेबाहेर सांडतो.

गॅस कमी असला तरीही बर्फ येतो, पण तो वेगळा दिसतो. बाहेरच्या युनिटला दोन नळ्या जोडलेल्या असतात, एक बारीक, एक जाड. एसी पंधरा मिनिटं चालू ठेवा आणि त्या बघा. जाड नळी गार आणि घामेजलेली असेल तर गॅसबद्दल शंका घ्यायचं फारसं कारण नाही. बारीक नळीच्या जोडावर पांढरं दव गोठलंय आणि जाड नळी कोरडी, कोमट आहे, तर गॅस कमी असण्याची शक्यता मोठी. जाड नळीपर्यंत सगळंच बर्फाळलं असेल तर आधी हवेचा रस्ता तपासा. बाहेरचं युनिट उंचावर कंसावर टांगलेलं असेल तर हे तुम्ही करू नका. त्यासाठी जिवाची जोखीम घेण्यात अर्थ नाही.

घरात जे करता येतं ते असं. आधी बर्फ नुसत्या पंख्यावर एसी चालवून वितळू द्या. सुरीने किंवा स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका, कॉइलला भोक पडलं तर आज नसलेली गळती उद्या होईल. मग एमसीबी बंद करून फिल्टर काढा, कोमट पाण्याने धुवा (४० अंशांपेक्षा गरम नको, प्लास्टिक वाकतं), सावलीत वाळवा. वापर रोजचा असेल तर हे दर पंधरा दिवसांनी. फिल्टरमागची कॉइल मऊ ब्रशने, पात्यांच्या दिशेनेच साफ करा. आडवा ब्रश मारला की पाती दबतात.

आता टॉर्च घेऊन हवा बाहेर पडते त्या फटीतून आत बघा. तिथे लांबट रूळासारखा ब्लोअर दिसेल. त्याची पाती छोट्या पन्हळींसारखी आत वळलेली असतात आणि त्या पन्हळींत ओल्या धुळीचा काळपट थर बसतो. फिल्टर लखलखीत आणि तरीही हवा मंद, याचं सगळ्यात दुर्लक्षित कारण हेच. पन्हळ भरली की पातं हवा ढकलूच शकत नाही, ब्लोअर नुसता गरगरतो. लांब दांड्याच्या ब्रशने एकेक पातं साफ करावं लागतं, खाली प्लास्टिकची पिशवी बांधून, आणि एका बाजूच्या विजेच्या डब्यावर पाणी उडू न देता. तासभराचं चिकट काम आहे. जमणार नसेल तर मेकॅनिककडून करून घ्या, पण ब्लोअर धुवायचाय असं स्पष्ट सांगा. नाही तर फिल्टर आणि कॉइलवर पाणी मारून सर्व्हिसिंग झालं म्हणतात. जाता जाता ट्रेमध्ये अर्धा लिटर पाणी हळूहळू ओता. बाहेरच्या नळीतून ते लगेच आलं नाही तर निचऱ्याची नळी शेवाळाने तुंबली आहे.

मग दारं-खिडक्या बंद करून पंधरा-वीस मिनिटं एसी चालवा. साध्या थर्मामीटरने एसीच्या वरच्या बाजूला, जिथून हवा आत जाते तिथलं तापमान घ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेचं घ्या. फरक ८ ते १२ अंश असेल तर यंत्र आपलं काम करतंय. हवेत फार दमटपणा असेल तर फरक थोडा कमी येतो.

दुपारचं घुमणं हे वेगळं दुखणं आहे. कंप्रेसर सुरू व्हायला धडपडतो आणि ओव्हरलोड (कंप्रेसर जास्त तापला की वीज तोडणारा भाग) त्याला बंद पाडतो. पहिला संशय रन कपॅसिटरवर, म्हणजे कंप्रेसरच्या मोटरला सुरू व्हायला आणि चालायला जोर देणाऱ्या डबीवर. तापलेल्या दुपारी बाहेरच्या कॉइलमधला दाब वाढलेला असतो, सुरुवातीला जोर जास्त लागतो आणि अशक्त कपॅसिटर तिथेच हरतो. त्याच वेळी घरातला व्होल्टेज पडतोय का आणि बंद केल्यावर तीन मिनिटांच्या आत कोणी पुन्हा चालू करतंय का, हेही बघा. कपॅसिटरच्या लेबलवर मायक्रोफॅराड (त्याच्या क्षमतेचं माप) लिहिलेले असतात. ५० चा असेल आणि मीटरवर ४७ च्या खाली दाखवत असेल, किंवा डोकं फुगलं असेल, तर तो बदलायचा. मायक्रोफॅराड तेवढेच, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त. शंभरात एक-दीडचा हा भाग आहे आणि तो न बदलता कंप्रेसर रोज तसाच घुमत ठेवलात तर कंप्रेसर जळण्यापर्यंत मजल जाते. मात्र वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार राहू शकतो. २० किलो-ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर लावून तो उतरवणं आणि मीटरवर शून्य व्होल्ट बघितल्याशिवाय हात न लावणं हे ज्याला सवयीचं नाही, त्याने हे काम इलेक्ट्रिशियनला द्यावं.

किटला नकार का, तेही सांगायला हवं. गॅस भरणं हे गळती दुरुस्तीतलं शेवटचं आणि सगळ्यात सोपं काम. त्याआधी नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसाने जोड तपासायचे, गळका फ्लेअर (नळीचं पसरवलेलं तोंड) कापून नवा करायचा, पाव इंची नट १४ ते १८ न्यूटन-मीटरलाच आवळायचा, व्हॅक्युम पंपाने ५०० मायक्रॉनपर्यंत (हे निर्वाताचं माप) निर्वात करून तो टिकतोय का बघायचं, आणि मग वजनकाट्यावर मोजून ८५० ग्रॅम. तुमच्या किटमध्ये ना पंप, ना काटा, ना नायट्रोजन. ही सगळी हत्यारं धरली तर किंमत किटच्या चौपटीच्या घरात जाते, म्हणजे ६० च्या आसपास, एका एसीच्या एका गळतीसाठी! पंपाशिवाय भरलंत तर नळ्यांत हवा आणि ओलावा राहतो, ओलाव्याने आतल्या तेलात आम्ल तयार होतं आणि ते कंप्रेसरला खातं. शिवाय आर-३२ हा पेट घेऊ शकणारा गॅस आहे. अनेक देशांत प्रमाणपत्राशिवाय ही यंत्रणा उघडायला मनाई आहे, ती उगाच नाही.

धुऊन, कपॅसिटर बदलूनही फरक ८ अंशांवर गेला नाही, तर मेकॅनिकला गॅस भरायला बोलावू नका, गळती शोधायला बोलवा. नायट्रोजनची चाचणी, निर्वात केल्याची नोंद आणि भरलेले ग्रॅम, तिन्ही बिलावर लिहून मागा. गळती जोडात निघाली तर दुरुस्ती करा. आतली कॉइलच जागोजागी सच्छिद्र झाली असेल आणि तिची किंमत ४० च्या वर सांगत असतील, तर सहा वर्षांच्या यंत्रावर तो खर्च करू नका. नवा एसी घ्यायची खरी वेळ ती.

देखभाल करार पुढच्या वेळी चालू ठेवू नका. वर्षाला १२ घेऊन ज्या करारात गॅस नाही, त्यात कॉइल आणि सर्किट बोर्ड आहे का ते आजच वाचा. बहुधा नसेल. मग उरतं काय? वर्षातून दोन-तीन वेळा धुणं, जे तुम्ही निम्म्या खर्चात सुटं करून घेऊ शकता. "सर्वसमावेशक" हा शब्द पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात आणि वगळलेल्या गोष्टी शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असलेले करार लोकांच्या गळ्यात मारले जातात, याची मला चीड येते.

आणि ती दोन-तीन वर्षांत वसुली! तुमचं एसीचं वीजबिल वर्षाला २०. नवा एसी एक चतुर्थांश वीज वाचवेल असं धरलं तर वर्षाला ५ वाचतील. १०० वसूल व्हायला वीस वर्षं लागतील, आणि तेवढं एसीचं आयुष्यच नसतं. विक्रेत्याने हा भागाकार केला नाही, तुम्ही करायला हवा होता.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही, त्याकडे वळतो, कारण तुमचा सगळ्यात मोठा खड्डा तिथे आहे. "थोडं देणं" म्हणता ते १५० आहे, दीड एसी. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे ५.२५. घरखर्च त्याच कार्डावर होत असल्याने थकबाकी हलत नाही, तेव्हा वर्षाला ६३. किमान रक्कम म्हणून दरमहा ७.५ भरता, त्यातले सव्वापाच व्याजातच जातात. किमान रक्कम वेळेवर भरल्याने फक्त विलंब शुल्क टळतं, व्याज चालूच राहतं. आणि जुनी बाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी दिवसही मिळत नाहीत. किराण्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतंय. त्यात बारा हप्त्यांचा एसी घातलात तर ही रास १५० वरून २५० वर जाईल.

दुसऱ्या बाजूला २०० ची ठेव ७ टक्क्यांनी वर्षाला १४ कमावते. अडीअडचणीसाठी ठेव राखणं योग्यच आहे, पण वर्षाला ६३ व्याज भरणं हीच अडचण आहे, आणि ती येऊन बसली आहे. ठेव मोडा, १५० फेडा, ५० राखा. ठेवीचं साडेदहा व्याज बुडेल, मुदतीआधी मोडल्याबद्दल थोडं कापतील, तरी वर्षाला पन्नासच्या आसपास हातात राहतील. निम्मा एसी, दर वर्षी. जे साडेसात दरमहा कार्डाला जात होते तेच ठेवीत टाकलेत तर वीस महिन्यांत ठेव पुन्हा २०० वर येते. तोवर घरखर्च कार्डाऐवजी थेट खात्यातून करा.

कार्ड फेडायच्या दिवशी बिलावरचा आकडा भरून थांबू नका. त्या तारखेपर्यंतच्या व्याजासह पूर्ण रक्कम किती, ते विचारून तेवढी भरा. बिल निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचं उरलेलं व्याज पुढच्या बिलात येऊ शकतं. आलं तर तेही शेवटच्या पैशापर्यंत भरा आणि त्यापुढच्या बिलावर शून्य दिसेपर्यंत ते कार्ड वापरू नका.