मनुकांचं पाणी आणि नाजूक पोट

प्रश्न : ताई, वय ३६, बसून काम. पोट कॉलेजपासूनच नाजूक, कधी दोन-दोन दिवस साफ होत नाही तर कधी मीटिंगच्या आधी तीनदा पळावं लागतं. तपासण्या सगळ्या नॉर्मल, डॉक्टरांनी आयबीएस (म्हणजे तपासण्या नॉर्मल असूनही आतडं सारखं बिघडण्याचा त्रास) सांगितलंय. जाऊबाईंनी कुठलंतरी रील बघून मला मूठभर काळ्या मनुका रात्री भिजवून सकाळी उपाशीपोटी फक्त पाणी प्यायला सांगितलं, त्यांना म्हणे मस्त फरक पडला. मला सुरुवातीला बरं वाटलं पण आता अकरा वाजेपर्यंत पोट टम्म फुगतं आणि गॅस तर विचारू नका. सासूबाई म्हणतात आतली घाण निघतेय, बंद करू नकोस. काय करू?

उत्तर : सासूबाईंचा मान राखूनच सांगते, बंद करा. घाण वगैरे काही निघत नाहीये, तो गॅस त्या पाण्यामुळेच होतोय असं मला वाटतं.

आता हे होतं कसं ते बघा. मनुका म्हणजे वाळलेलं द्राक्ष, साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, त्यामुळे द्राक्षातलं सगळं त्यात आटून बसलेलं असतं. १०० ग्रॅममध्ये ६० ग्रॅमच्या वर नुसती साखर, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जवळपास निम्मंनिम्मं, शिवाय फ्रुक्टान नावाचा एक प्रकार जो आपल्या लहान आतड्यात पचतच नाही, तो तसाच मोठ्या आतड्यात जातो आणि तिथले जिवाणू त्यावर ताव मारून गॅस करतात. कुणालाही थोडाफार होतो, पण आयबीएसवाल्यांचं आतडं तेवढ्याशा ताणानेही कुरकुरतं. आणि या साखरा, हे फ्रुक्टान, सगळं पाण्यात विरघळतं! रात्रभर भिजल्यावर पाण्यात बऱ्यापैकी तेच उतरतं, आणि जो चोथा शौचाला मदत करतो तो मात्र बहुतेक मनुकेतच राहतो. म्हणजे तुम्ही त्रासाचा भाग पिताय आणि उपयोगाचा भाग बाजूला ठेवताय. (त्या भिजलेल्या मनुका घरात कोण खातं हो? ज्याचं पोट साफ होतंय तोच असणार.)

मग जाऊबाईंना फरक कसा पडला? पडला असेल, मी खोटं म्हणत नाही. मनुका सौम्य सारक आहेत हे आयुर्वेदातही आहे, द्राक्षातलं टार्टारिक आम्ल थोडं मदत करतं, आणि उठल्याउठल्या ग्लासभर कोमट काहीही प्यायलं की मोठं आतडं हलायला लागतं, त्यातलं निम्मं श्रेय नुसत्या कोमट पाण्याचं असतं. पण त्यांचं पोट वेगळं, तुमचं वेगळं.

मनुका आवडत असतील तर अगदी सोडायची गरज नाही. आठ-दहा दिवस पूर्ण बंद ठेवा, पोट शांत झालं की एक टेबलस्पून, म्हणजे साधारण १३ ग्रॅम, भिजवलेल्या मनुका चावून खा, भिजवलेलं पाणी ओतून द्या, आणि उपाशीपोटी नको, नाश्त्यानंतर. आयबीएससाठी कमी फॉडमॅपचा, म्हणजे फ्रुक्टानसारखे नीट न पचता गॅस करणारे पदार्थ कमी असलेला आहार मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठाने बसवला, त्यांच्या हिशोबातही एवढ्या मनुका बहुतेकांना चालतात, मूठभर चालत नाहीत. पोट जुलाबाकडे झुकलेलं असेल त्या आठवड्यात एवढ्याही नको.

भिजवण्याआधी चोळून धुवा. पिवळ्या-हिरव्या बेदाण्याला रंग टिकावा म्हणून गंधकाची धुरी देतात, तासगाव-सांगलीकडच्या वाचकांना हे मी काय सांगणार, आणि दमा असलेल्या काहींना त्या सल्फाइटने त्रास होतो. उन्हाळ्यात वाटी ओट्यावर रात्रभर ठेवू नका, फ्रीजमध्ये ठेवा, वर फेस किंवा आंबूस वास आला की सरळ फेका.

आणि हो, शौचातून रक्त, कारण नसताना वजन उतरणं, पोटदुखीने रात्री जाग येणं यातलं काही सुरू झालं तर मनुका-बिनुका बाजूला, आधी डॉक्टर.

प्रश्न : बाबांना शुगर आहे, ते रोज हेच पाणी पितात, म्हणतात मनुका खात नाही ना, नुसतं पाणीच तर आहे. चालेल का?

उत्तर : वर लिहिलंय तसं साखर पाण्यातच उतरते, आणि चोथ्याशिवाय ती रक्तात लवकर चढते, तेव्हा नकोच. पटत नसेल तर घरातलं ग्लुकोमीटर काढा, पिण्याआधी एकदा आणि नंतर एक आणि दोन तासांनी बघा, आकडा बघून बाबा स्वतःच ठरवतील. किडनीचा त्रासही असेल तर मात्र प्रयोगसुद्धा नको, मनुकांमध्ये पोटॅशियम भरपूर असतं.