पट्टा पडेपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या

प्रिय डॉक्टर मुली,

तुझं पत्र मिळालं. दसरा तोंडावर आलाय, ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघायच्या तयारीत आहेत आणि तुझ्या ओपीडीत प्रत्येक बाई एकच मागते आहे: "डॉक्टरीणबाई, पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, पुरतील एवढ्या दुखण्याच्या गोळ्या द्या." सोमवारी तू दिल्यास, मंगळवारी नाही म्हणालीस, बुधवारी परत दिल्यास, आणि रात्री मला लिहिलंस, "मॅडम, मी इथे डॉक्टर आहे की मेडिकलवाला?"

तुला धीर द्यायचं कारण नाही. बीड जिल्ह्यातलं आरोग्य केंद्र मागून घेणारी मुलगी तू. सरळ मुद्द्यावर येते. गोळ्या द्यायच्या की नाही हे नंतर. आधी केसपेपरवर कारण लिही. 'कंबरदुखी' हे निदान झालं. 'उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढते, सहाव्या महिन्यातही चढत होती' हे कारण. निदानाच्या खाली एक ओळ मोकळी सोड आणि त्या ओळीत कारण लिही, मगच औषधाला हात घाल.

रांग शंभराची आहे, एका बाईला दोनच मिनिटं मिळतात, असं तू म्हणतेस. हे मला सांगू नकोस. "काम काय करतेस? दिवसभरात पाणी किती पितेस? लघवीला कुठे जातेस?" हे तीन प्रश्न विचारायला इंजेक्शन भरण्यापेक्षा कमी वेळ लागतो. उत्तरं ऐकायला जड जातात, म्हणून आपण विचारत नाही. वेळेचं निमित्त माझ्या बरोबरीचे सगळे सांगत आले आणि त्यांच्या ओपीडीतली रांग कधी आटली नाही. कारण न विचारता पाठवलेली बाई पंधरा दिवसांनी परत रांगेतच येते.

तू देतेस त्या दुखण्याच्या गोळीचं, डायक्लोफिनॅकचं, पुढे काय होतं ते बघ. गोळी घेऊन ती पहाटे उसाच्या फडात उतरते. आडोसा नाही आणि थांबायला सवड नाही, म्हणून पाणी कमी पिते. ऊन चढतं, घाम वाहतो. अशा वेळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवायला शरीराची भिस्त प्रोस्टाग्लँडिन या शरीरातच तयार होणाऱ्या द्रव्यावर असते आणि ही गोळी नेमकं तेच तयार होऊ देत नाही. फार्माकॉलॉजीच्या परीक्षेत तू हे लिहिलं असशील. फडातल्या बाईला डोळ्यांसमोर ठेवून पुन्हा वाच. तीच गोळी उपाशी पोटी घेत राहिली की जठराला व्रण होऊ शकतो, थोडं थोडं रक्त जात राहतं, हिमोग्लोबिन उतरतं. उन्हाळ्यात ती गावी येते तेव्हा आपण लोहाच्या लाल गोळ्या देतो. त्या ती चहाबरोबर घेते, त्यामुळे लोह नीट अंगी लागत नाही. चक्कर येते म्हणून सलाइन. लघवीला जळजळ म्हणून अँटिबायोटिक. अंगावर पांढरं जातं म्हणून संसर्गाच्या गोळ्यांचं हिरवं किट. पाचही औषधं पुस्तकाप्रमाणे बरोबर, आणि त्या सगळ्यांच्या मागे फडात पाणी नाही, आडोसा नाही, विसावा नाही ही एकच गोष्ट. ती कुठल्याच कागदावर नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, हा आपला धंदा वर्षानुवर्षं चालू आहे.

आणि औषधांनी भागेनासं झालं की गर्भाशयाची पिशवीच काढायची. तुला ठाऊक आहे, तरी लिहिते. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे एक मजूरजोडी; मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल दोघांच्या नावावर. पाळीत एक दिवस कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, पडून राहिली तर खाडा. मजुरी बुडते आणि वर दंड कापला जातो. अशा बाईला कोणी सांगितलं की पिशवी काढली म्हणजे पाळीची कटकट गेली, आणि राहिली तर कॅन्सर होईल, तर ती कर्ज काढून टेबलावर झोपते. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली तेव्हा जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे शेकडा सतराच्या घरात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांमध्ये हेच प्रमाण देशभरात शेकडा ३.२ होतं. ऐन तिशीतल्या बायका या. काहींची अंडाशयंही गेली. मग हाडं ठिसूळ होतात, अंगातून वाफा निघतात, सांधे धरतात. त्यासाठी पुन्हा गोळ्या.

आता बीडमध्ये ही शस्त्रक्रिया करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागते. हे झालंच पाहिजे होतं. पण परवानगीच्या अर्जात रोगाचं नाव विचारतात, मुकादमाने खाड्याचे किती कापले ते विचारत नाहीत. ते तुझ्या केसपेपरवर आलं पाहिजे. कारण लिही.

मी औषधाच्या विरोधात आहे असा समज करून घेऊ नकोस. तसं म्हणणारे लोक मला मुळीच आवडत नाहीत; त्यांनी क्षयाच्या रुग्णांना काढे पाजून मारलेलं मी पाहिलंय. रिफाम्पिसिन हे क्षयाचं औषध दिलंच पाहिजे, वेळेवर आणि पुरतं दिलं पाहिजे. पण झारखंडमध्ये २,८०० क्षयरुग्णांच्या कुटुंबांवर झालेला तो अभ्यास तू वाच. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालाय. रुग्णाला औषधं सगळीकडे सारखीच मिळत होती. निम्म्या घरांत बाकीच्या माणसांनाही दरमहा तांदूळ, डाळ आणि सूक्ष्म पोषकांच्या गोळ्या दिल्या. त्या घरांत नव्याने क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. डाळ-तांदळाने. आणि तुझ्या फडाच्या आणखी जवळचं उदाहरण हवं असेल तर मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वाचं घे. तिथे ऊस तोडणारे तरुण पुरुष मूत्रपिंड निकामी होऊन मरत होते. एका कारखान्याच्या फडात सावली, पाणी आणि ठरलेल्या वेळेला सक्तीची विश्रांती सुरू केली, आणि मूत्रपिंडाला होणारी इजा कमी झाली. कारखाना आपलाच ऊस आपल्याच पद्धतीने तोडून घेत होता, फक्त माणसाला बसू देत होता. आपल्याकडे एवढं मागायला काय अडचण आहे? अडचण ही की मागायला कागद लागतो, आणि आपल्या कागदावर 'कंबरदुखी, आठ गोळ्या' एवढंच असतं.

माझ्याबद्दल तुला लोक सांगतीलच, तेव्हा मीच सांगते. मी कारणं लिहीत असे म्हणून बरोबरीचे डॉक्टर म्हणायचे, "तुम्ही डॉक्टर आहात की तहसीलदार?" समोरच्या दवाखान्यात बाई गेल्या गेल्या सुई मिळायची, माझ्याकडे आधी प्रश्न. पुष्कळ पेशंट तिकडे गेले. घरातही ऐकून घ्यावं लागलं, आणि त्या बोलण्यात तथ्य नव्हतं असं नाही. माझ्या हट्टाची किंमत मुलांच्या शिक्षणापर्यंत पोचली. वर पाठवलेल्या पत्रांना 'सदर विषय या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही' असं उत्तर यायचं. तरी मी लिहीत राहिले आणि आज विचारशील तर परत तसंच करीन. कुणी म्हणतं, दुखणाऱ्या माणसाला चौकशा करणं हा निर्दयपणा. मला ते कधीच पटलं नाही. बाई माझ्यासमोर रडली ती दुखण्याने कमी आणि पहिल्यांदा कुणीतरी 'मोळी किती वजनाची असते गं' असं विचारलं म्हणून जास्त. खंत एकच राहिली. माझ्या वह्या एकट्या राहिल्या. शेजारच्या चार केंद्रांत कुणी असंच लिहिलं असतं तर २०१९ ची ती मोजणी किती तरी आधी झाली असती, आणि त्या तेरा हजारांतल्या कितीतरी जणी वाचल्या असत्या. हा विचार मला अजून झोपू देत नाही.

म्हणून तुझ्यावर रागावते आहे. तुला फोनवर एका मिनिटात पाच केंद्रांतल्या डॉक्टरांशी बोलता येतं. माझ्याकडे ते नव्हतं.

आता गोळ्यांचं. सहा महिन्यांच्या देऊ नकोस. थोड्या दे, आणि शक्यतो पॅरासिटामॉल दे. डायक्लोफिनॅक दिलंसच तर अर्धी भाकरी पोटात गेल्याशिवाय घ्यायचं नाही, लघवी कमी किंवा गडद झाली त्या दिवशी अजिबात घ्यायचं नाही, शौचाला काळं झालं तर बंद करून जवळच्या सरकारी दवाखान्यात जायचं, हे तिच्याकडून बोलून घे. नवऱ्यालाही आत बोलाव. निघण्याआधी प्रत्येकीचं हिमोग्लोबिन आणि रक्तदाब घे. कोणत्या कारखान्याला चालली, ऊस वाहण्याची पद्धत कुठली (गाडीसेंटर की टायरसेंटर), मुकादम कुठला, हे आशाताईकडून भरून घे. तिला सगळं माहीत असतं. त्याची एक प्रत स्वतःकडे ठेव, एक तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना दे आणि पोच घे. पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नकोस.

पीजीला त्वचारोग घ्यायचा विचार आहे म्हणालीस. घे. तिथेही गोरेपणासाठी स्टेरॉइडचं मलम फासून चेहरा जाळून घेतलेल्या मुली येतील. त्यांच्या केसपेपरवरही लिही, मलम कुणी सांगितलं आणि लग्नाची बोलणी कुठे अडली होती.

पण ते पुढचं. आत्ता टोळ्या निघायला थोडेच दिवस उरलेत. या आठवड्यातल्या दहा केसपेपरवरची कारणांची ओळ, बायकांची नावं वगळून, मला उतरवून पाठव. 'कष्टाचं काम' असं मोघम लिहिलेलं चालणार नाही, परत पाठवीन.

तुझी,
मॅडम