स्पेनमध्ये खरेदी करताना सेल, सूट, भाव कमी करणे यासाठी कोणते स्पॅनिश शब्द लागतात?

'सेल'ला एकच शब्द पाठ करून गेलात तर फसाल, कारण पाट्यांवर चार वेगळे शब्द दिसतात आणि चारहींचे अर्थ वेगळे.

'रेबाखास' (ख घशातून घासून) म्हणजे हंगामी सेल. ६ जानेवारीचा 'रेयेस' (तीन राजांचा) सण उरकला की एक, उन्हाळ्यात दुसरा. २०१२पासून दुकानदाराला तो केव्हाही लावता येतो, पण सवय तीच राहिली आहे. त्यातला माल धड असावा लागतो. डागी, खोट असलेला किंवा कालबाह्य माल 'साल्दोस'मध्ये विकतात. 'कोन तारा' असं लेबल दिसलं तर वस्तूत खोट आहे, नीट उलटीपालटी करून बघा. 'लिकिदाथ्योन' म्हणजे दुकान बंद करताना किंवा जागा बदलताना माल संपवणं. 'ओफेर्ता' ही ठरावीक वस्तूवरची तात्पुरती सवलत.

चिठ्ठीवर 'आंतेस' (आधी) आणि 'आओरा' (आता) असे दोन भाव असतात. आधीचा भाव म्हणजे मागच्या ३० दिवसांतला सर्वांत कमी भाव, असा नियम आहे. पाटीवरचा 'आस्ता' हा बारीक शब्द मात्र सोडू नका: 'आस्ता ५० टक्के' म्हणजे ५० टक्क्यांपर्यंत. शिवाय सेलमध्येच 'नुएवा कोलेक्थ्योन' लिहिलेला रॅक असतो. तो नवा माल, पूर्ण भावाचा. काउंटरवर रक्कम जास्त निघते ती बहुधा यामुळे. आधीच विचारा: 'एस्ता रेबाखादो?' म्हणजे 'याचा भाव उतरवलाय का?' शर्ट (कामिसा) स्त्रीलिंगी, म्हणून तिथे 'रेबाखादा'.

टक्क्यांत गफलत होते ती अशी: 'रेबाखादो उन त्रेइन्ता पोर थ्येन्तो' म्हणजे भाव ३० टक्क्यांनी उतरला, ३० टक्क्यांवर आला नाही. दहा युरोच्या दोन वस्तूंवर 'दुसरी निम्म्यात' असेल तर एकूण १५ युरो पडतात. म्हणजे खरी सूट २५ टक्केच.

'एस बारातो' म्हणजे वस्तू मुळातच स्वस्त. 'एस्ता बारातो' म्हणजे सध्या स्वस्त मिळतेय. म्हणून रोज भाव बदलणाऱ्या टोमॅटोंबद्दल 'आ क्वांतो एस्तान लोस तोमातेस?' ('टोमॅटो सध्या काय भाव?') असं विचारतात. हा फरक मराठी माणसाला सोपा जावा; 'स्वस्त आहे' आणि 'स्वस्त झालंय' आपण रोज म्हणतो.

घासाघिशीला 'रेगातेआर' म्हणतात. ब्रँडच्या दुकानात ती चालत नाही, माद्रिदच्या रविवारच्या 'एल रास्त्रो' बाजारात चालते. तिथलं वाक्य: 'मे लो देखा एन किन्थे?' म्हणजे शब्दशः 'पंधराला सोडता का?' मेक्सिकोत हेच 'क्वांतो एस लो मेनोस?' असं विचारतात, 'शेवटचा भाव किती?' या अर्थी. आणि तिथे 'बाराता' हे नाम म्हणून चक्क सेलचंच नाव आहे.

फार स्वस्तात घबाड लागलं तर 'गांगा'. स्पेनमध्ये बोलताना 'चोयो' जास्त ऐकू येईल.