तीनदा जिंकलेलंही फेकलं त्यांनी

पोरी, अनेक आशीर्वाद.

तुझा बुद्धिबळाचा प्रोग्राम काल रात्री चालवून बघितला. बाराव्या चालीला त्यानं वजीर फुकट घालवला. त्याचं काही नाही. पण आत एका ठिकाणी तू लिहून ठेवलंयस, 'हे का चालतं कळत नाही, हात लावू नये', ते वाचून झोप उडाली. आणि वर मला विचारतेस, अजून कुठला नियम घालू?

एकही नको. फेक ते. पहिल्यापासून लिही.

अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात १९६८ मध्ये लॅरी अ‍ॅटकिन, कीथ गॉर्लेन आणि डेव्हिड स्लेट ही विद्यार्थी मंडळी असाच प्रोग्राम लिहायला बसली. तुझ्यासारखंच: बऱ्या वाटतील तेवढ्याच चाली निवडायच्या, बाकीच्या बघायच्याच नाहीत. गोम अशी की वजीर देऊन मात करणारी चाल वरवर मूर्खपणाचीच दिसते. ती पहिल्याच चाळणीत गेली की पुढं कितीही खोल बघ, सापडणार कुठून? तरी १९७०, ७१, ७२, तिन्ही वर्षं अमेरिकेतली संगणकांची स्पर्धा त्यांनीच मारली. आणि १९७३ मध्ये स्लेट-अ‍ॅटकिननी तो प्रोग्राम टाकून नवा लिहिला, ठरलेल्या इतक्या चाली पुढंपर्यंत सगळ्या शक्यता बघणारा. जिंकत असताना! तुझा तर हरतोय.

लगेच गंगेत घोडं न्हालं असं नाही. १९७४ ला स्टॉकहोमच्या पहिल्या जागतिक स्पर्धेत रशियनांचा काइसा नावाचा प्रोग्राम पहिला आला. यांना ते पद मिळालं १९७७ ला, टोरांटोत.

मी कुठल्या तोंडानं सांगतोय म्हणशील. पगाराचा एक प्रोग्राम मी अकरा वर्षं ठिगळं लावून चालवला. फेकायला हवा, हे पहिल्याच मार्चमध्ये कळलं होतं. पण त्यात माझ्या हुशारीच्या जागा होत्या ना! अर्थात, एक तारखेचा पगार कुणाचा कधी चुकला नाही, हेही ध्यानात ठेव. मला फेकायला सवड कुठं होती? तुला सात आठवडे आहेत. फेक.

आधी नुसत्या चाली बिनचूक काढ. सुरुवातीच्या मांडणीतून पांढऱ्याच्या २०, काळ्याचं उत्तर धरून ४००, मग ८,९०२, मग १,९७,२८१. तुझा चौथा आकडा जास्त येतो, म्हणजे राजाला शह असताना तुझी सोंगटी भलतीकडंच फिरतेय. हा आकडा जुळेपर्यंत दुसरं काही बोलायचं नाही.

जुनी फाइल मला पाठव आणि तुझ्याकडची पुसून टाक. मी ठेवतो. मला तशा फाइली सांभाळायची सवय आहे.

काका