बॉक्स स्कोअर वाचताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : एनबीएचा (अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा) सामना संपल्यावर आकडेवारीचा जो तक्ता, म्हणजे बॉक्स स्कोअर, येतो, त्यात मी सर्वप्रथम कोणी किती गुण केले ते पाहतो. पण त्यावरून संघ का जिंकला किंवा का हरला ते उमगत नाही. वाचायला सुरुवात कुठून करावी?

उत्तर : खेळाडूंच्या ओळी तूर्त बाजूला ठेवा आणि तक्त्याच्या तळाशी दिलेली दोन्ही संघांची बेरीज आधी पाहा. बास्केटबॉलमध्ये बास्केट झाली की चेंडू दुसऱ्या संघाकडे जातो, त्यामुळे एका सामन्यात दोन्ही संघांना चेंडूचा ताबा जवळपास सारख्याच वेळा मिळतो. तेव्हा मिळालेल्या प्रत्येक ताब्याचे संघाने काय केले, हाच खरा प्रश्न असतो.

ताब्यांची संख्या तक्त्यात छापलेली नसते, पण ती काढता येते. घेतलेल्या शॉटांमधून आक्रमणातील रिबाऊंड (आपलाच हुकलेला शॉट परत हाती घेणे) वजा करायचे, त्यात टर्नओव्हर (शॉट न घेताच चेंडू गमावणे) मिळवायचे आणि फ्री थ्रोंच्या (फाऊलबद्दल मिळणाऱ्या, अडथळ्याविना घ्यायच्या एका गुणाच्या शॉटांच्या) संख्येला ०.४४ ने गुणून तीही मिळवायची; ०.४४ का, ते पुढे येईल. समजा, एका संघाने ८८ शॉट घेतले, आक्रमणात १० रिबाऊंड मिळवले, १३ वेळा चेंडू गमावला आणि २२ फ्री थ्रो घेतले, तर त्याला साधारण १०१ वेळा ताबा मिळाला. या संघाचे गुण १०१ पेक्षा बरेच जास्त असतील, तर आक्रमण चांगले झाले असे खुशाल समजावे.

त्यानंतर चार गोष्टी तपासाव्यात : नेम कसा होता, टर्नओव्हर किती झाले, आपलेच हुकलेले शॉट किती वेळा परत मिळवले आणि फ्री थ्रो किती कमावले. डीन ऑलिव्हर या अभ्यासकाने मांडलेली ही चौकट आज जवळजवळ प्रत्येक प्रशिक्षकाच्या हाताशी असते. या चारींत नेमाचे वजन सर्वांत जास्त आहे. मे २०१८ मध्ये वेस्टर्न कॉन्फरन्सच्या (एनबीएच्या पश्चिम विभागाच्या) अंतिम मालिकेतील सातव्या सामन्यात ह्यूस्टन रॉकेट्स मध्यंतराला ११ गुणांनी पुढे होते. पण त्या सामन्यात त्यांचे तीन गुणांचे २७ शॉट ओळीने हुकले. सामनाभरात असे ४४ शॉट घेऊन त्यांनी केवळ ७ साधले आणि गोल्डन स्टेट वॉरियर्सकडून ते १०१-९२ असे हरले. त्या पराभवाची चिकित्सा कितीही केली, तरी ‘४४ पैकी ७’ या नोंदीला वळसा घालून पुढे जाता येत नाही.

प्रश्न : शॉटांची टक्केवारी पाहून दोन खेळाडूंची तुलना करणे योग्य आहे का?

उत्तर : नुसत्या टक्केवारीवर विसंबू नये, कारण ती दोन आणि तीन गुणांच्या बास्केटला एकाच मापाने मोजते आणि फ्री थ्रो तर विचारातच घेत नाही. एकाने २० शॉटांपैकी ९ साधले आणि ते सगळे दोन गुणांचे होते, तर त्याचे १८ गुण झाले. दुसऱ्याने २० पैकी ८ च साधले, पण त्यांतले ५ तीन गुणांचे असतील, तर त्याचे २१ होतात. टक्केवारी पहिल्याच्या बाजूने बोलते आणि गुणफलक दुसऱ्याच्या.

आणखी एक नियम बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. शॉट घेताना फाऊल झाला आणि चेंडू बास्केटमध्ये गेला नाही, तर तो शॉट प्रयत्न म्हणून नोंदलाच जात नाही. फक्त फ्री थ्रोंची नोंद होते. म्हणूनच एखाद्या खेळाडूच्या नावापुढे शॉट अगदी थोडे आणि गुण भरपूर असे चित्र दिसू शकते.

या दोन्ही त्रुटी भरून काढणारे माप म्हणजे ‘ट्रू शूटिंग’. शॉटांच्या संख्येत फ्री थ्रोंची ०.४४ पट मिळवायची, त्याची दुप्पट करायची आणि एकूण गुणांना त्या संख्येने भागायचे. ०.४४ एवढ्यासाठी की फ्री थ्रो बहुधा जोडीने मिळतात, पण बास्केटही झाली आणि फाऊलही झाला तर एकच मिळतो, शिवाय तांत्रिक फाऊलचा (बेशिस्तीसारख्या कारणासाठी दिलेल्या फाऊलचा) फ्री थ्रो वेगळा ताबा खर्च करत नाही.

दोन विख्यात सामन्यांना हे माप लावून पाहू. २ मार्च १९६२ रोजी हर्शी येथे विल्ट चेंबरलेन यांनी न्यू यॉर्क निक्सविरुद्ध १०० गुण केले. त्यांनी ६३ पैकी ३६ शॉट आणि ३२ पैकी २८ फ्री थ्रो साधले होते. त्यांचे ट्रू शूटिंग सुमारे ६५ टक्के येते. कोबी ब्रायंट यांनी २२ जानेवारी २००६ रोजी टोरंटो रॅप्टर्सविरुद्ध ८१ गुण केले, तेव्हा त्यांचे ४६ पैकी २८ शॉट, त्यांत तीन गुणांचे ७, आणि २० पैकी १८ फ्री थ्रो यशस्वी झाले होते. त्यांचे ट्रू शूटिंग जवळपास ७४ टक्के भरते. एनबीएत तीन गुणांची रेषा १९७९-८० च्या हंगामात आली, म्हणजे चेंबरलेन यांना ती सवलत नव्हती, हे न्यायाने सांगितलेच पाहिजे. मला स्वतःला मात्र त्यांच्या १०० गुणांपेक्षा ते २८ फ्री थ्रो अधिक थक्क करतात, कारण संपूर्ण कारकिर्दीत या महान खेळाडूचा निम्म्याच्या आसपास फ्री थ्रोंवर नेम चुकत आला होता.

प्रश्न : माझ्या आवडत्या खेळाडूने २६ गुण केले, तरी त्याचे प्लस-मायनस उणे १२ होते. मग तो वाईट खेळला असे मानायचे का?

उत्तर : नाही. तो मैदानात असताना त्याच्या संघाने केलेले गुण वजा प्रतिस्पर्ध्याने केलेले गुण, एवढाच त्या आकड्याचा अर्थ आहे. मैदानात तो एकटा नसतो. सोबतचे चार आणि समोरचे पाच जण त्या आकड्यात सामील असतात. राखीव खेळाडूंची फळी समोरच्या राखीव फळीवर भारी पडली, तर सुरुवातीच्या पाच जणांचे आकडे त्यापुढे फिके दिसतात. एका सामन्याच्या प्लस-मायनसवरून मी कोणाविषयीही मत बनवत नाही. हंगामभराच्या आकड्यांत एकत्र खेळणाऱ्या जोड्यांची आणि पाच-पाच जणांच्या गटांची तुलना केली, तर मात्र ते बोलके होतात. एक पडताळा करून पाहण्याजोगा आहे : संघातील सर्वांच्या प्लस-मायनसची बेरीज विजयाच्या फरकाच्या पाचपट येते. वर सांगितलेल्या सामन्यात वॉरियर्स ९ गुणांनी जिंकले, म्हणजे त्यांची बेरीज अधिक ४५ आणि रॉकेट्सची उणे ४५.

प्रश्न : रसेल वेस्टब्रुकची हंगामाची सरासरी ट्रिपल डबल (तीन प्रकारच्या नोंदींत दोन अंकी आकडा) आणि ऑस्कर रॉबर्टसन यांची, यांत श्रेष्ठ कोणती?

उत्तर : रॉबर्टसन यांनी १९६१-६२ मध्ये सरासरी ३०.८ गुण, १२.५ रिबाऊंड आणि ११.४ असिस्ट (सहकाऱ्याची बास्केट घडवणारे पास) अशी कामगिरी केली. वेस्टब्रुक यांचे २०१६-१७ मधील आकडे ३१.६, १०.७ आणि १०.४ असे आहेत. पण साठच्या दशकाच्या आरंभी एक संघ सामन्याला सरासरी शंभराहून अधिक शॉट घेत असे आणि त्यांतले निम्म्याहून जास्त हुकत. २०१६-१७ मध्ये ही संख्या ८५ च्या घरात होती. हुकलेले शॉट जास्त, तर रिबाऊंडच्या संधीही जास्त. उलट असिस्ट देण्याबाबत त्या काळचे नोंदणीकार अधिक काटेकोर होते. रिबाऊंडच्या बाबतीत मी वेस्टब्रुक यांना झुकते माप देईन आणि असिस्टच्या बाबतीत रॉबर्टसन यांना.

ट्रिपल डबलसाठी गुणांचा आकडा दोन अंकी असावाच लागतो, असेही नाही. १० फेब्रुवारी २०१७ रोजी मेम्फिसविरुद्ध ड्रेमंड ग्रीन यांनी १२ रिबाऊंड, १० असिस्ट आणि १० स्टील (प्रतिस्पर्ध्याकडून हिसकावलेले चेंडू) मिळवले. गुण मात्र केवळ ४. बचावाची ही कर्तबगारी कागदावर आली, कारण १९७३-७४ पासून एनबीए स्टील आणि ब्लॉक (हवेतच अडवलेले शॉट) यांची नोंद ठेवू लागली. बिल रसेल त्याआधीच निवृत्त झाले होते. बचावासाठीच ज्यांचे नाव घेतले जाते, त्या रसेल यांच्या खात्यावर अधिकृत ब्लॉक एकही नाही.

प्रश्न : खेळाडूंच्या टर्नओव्हरची बेरीज संघाच्या आकड्याशी जुळत नाही. ही छपाईची चूक असते का?

उत्तर : चूक नसते. २४ सेकंदांत शॉट घेतला गेला नाही, तर तो टर्नओव्हर कोणा एकाच्या नव्हे तर संघाच्या नावावर जातो. शॉट हुकून चेंडू कोणाच्याही हाती न लागता रेषेबाहेर गेला, तर रिबाऊंडही तसाच संघाच्या खात्यात जमा होतो. काही तक्ते हे आकडे बेरजेत धरतात, तर काही खाली वेगळ्या ओळीत दाखवतात, म्हणून दोन ठिकाणचे तक्ते पडताळताना ती ओळ आधी शोधावी.