सिनेमात पेट्रोलच्या टाकीला गोळी लागली की लगेच स्फोट होतो, खरंच असं होतं का?

तुम्ही शॉर्टफिल्म लिहिताय, हिरो पिस्तुलातून एक गोळी मारतो आणि व्हिलनचा पेट्रोलचा साठा उडतो, हे पटेल का असं विचारलंय. मला तरी नाही पटणार. मी २२ वर्षं मनमाडजवळ पानेवाडीला पेट्रोलच्या डेपोत टँकर भरायच्या कामावर काढलीत. साधी गोळी म्हणजे आत शिसं नि वरून तांब्याचं आवरण, ती पत्र्याला भोक पाडते आणि तिथून पेट्रोलची धार लागते, बस. जळते ती वाफ, आणि तीही हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असली तरच. भरलेल्या बंद टाकीत वरच्या जागेत वाफ इतकी दाट असते की जळायला हवाच पुरत नाही. पेट्रोल पंप उडवतात ते तर बघवत नाही, अहो टाक्या जमिनीखाली पुरलेल्या असतात, वर दिसतं ते नुसतं मोजून देणारं मशीन! पहिल्या महायुद्धात फुग्यासारख्या तरंगणाऱ्या जर्मन हवाईजहाजांत हायड्रोजन भरलेला असायचा तरी साध्या गोळ्यांनी ती पेटत नव्हती, ब्रिटिशांना खास पेटत्या आणि फुटणाऱ्या गोळ्या बनवाव्या लागल्या तेव्हा कुठे सप्टेंबर १९१६ मध्ये इंग्लंडवर पहिलं जहाज पाडता आलं.

पण मी लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणासाठी. या सिनेमांनी लोकांच्या डोक्यात एक पक्कं बसवलंय की भरलेलं म्हणजे धोका आणि रिकामं म्हणजे सेफ. त्यापायी एका पोराचा कान गेला, माझ्या डोळ्यांदेखत.

१९९८ चा मे महिना, ताईच्या दिराचं लग्न. आचाऱ्याला मोठी चूल पाहिजे म्हणून दाजींनी भंगारातून पेट्रोलचं २०० लिटरचं बॅरल आणलं आणि गॅस कटरवाल्या पोराला बोलावलं, वय असेल १९-२०. मी म्हणालो, दाजी, हे असं कापू नका, आधी पाणी भरा. तर म्हणाले, आठ दिवस बूच उघडं आहे, वाससुद्धा येत नाही, आणि लग्नाचं पाणी टँकरनं आणलंय ते काय बॅरलात ओतू का? आमच्या नांदगाव तालुक्यात मे महिन्यात पाण्याची काय अवस्था असते ते तिकडच्याला विचारा, त्यामुळे त्यांचं तेही अगदीच चूक नव्हतं. पण पुढे म्हणाले, डेपोत नोकरीला लागलास म्हणून तूच शहाणा का, भरलेलं असतं तर गोष्ट वेगळी. चार पाहुण्यांसमोर. मी गप्प बसलो, जावयाशी लग्नघरात कोण वाद घालणार.

बॅरलच्या तळाच्या दुमडलेल्या कडेत पेट्रोल राहतंच, आणि २०० लिटरच्या बॅरलात स्फोटाजोगी हवा तयार व्हायला ३० मिली पुरतं, म्हणजे अर्धा कप चहासुद्धा नाही. त्यात आठ दिवस बूच उघडं म्हणजे हवा आत शिरायला मोकळीच. पोराने कटर टेकवला आणि जो आवाज झाला तो मी २२ वर्षांत डेपोत कधी ऐकला नाही. तळाचं झाकण सुटून मांडवावरून गेलं आणि पलीकडे कांद्याच्या चाळीवर पडलं. पोराचा हात कोपरापर्यंत भाजला, भुवया गेल्या, आणि डाव्या कानाने त्याला आजही ऐकू येत नाही. नशीब तो बॅरलच्या बाजूला उभा होता, तळासमोर नाही.

भरलेलं असतं तर मोठी आग लागली असती हे खरंय, पण झाकण असं तोफेसारखं सुटलं नसतं. डेपोत टाकी रिकामी करून दुरुस्तीला काढली की मीटरने गॅस तपासल्याशिवाय, हॉट वर्कचं परमिट, म्हणजे ठिणगी-जाळाचं काम करायची लेखी परवानगी, हातात आल्याशिवाय वेल्डरला जवळ येऊ देत नाहीत, ते काय उगाच? पेट्रोलच्या मोठ्या टाकीचं छप्परसुद्धा पेट्रोलवर तरंगतं ठेवतात, मध्ये वाफेला जागाच उरू नये म्हणून.

तुमच्या शॉर्टफिल्मला खरं भय पाहिजे असेल तर जयपूर बघा. २९ ऑक्टोबर २००९, सीतापुऱ्याचा डेपो. कुणी गोळी मारली नव्हती, व्हॉल्व्हपाशी पेट्रोल गळलं, तासाभराहून जास्त वेळ वाफ जमिनीलगत पसरत राहिली आणि मग तिला कुठेतरी ठिणगी मिळाली. आग आठवडाभराहून जास्त चालली. तेव्हा हिरोला भोक पाडू द्या, धार लागू द्या, आणि मग थांबा. वाफ हवेपेक्षा जड असते, ती खालून सरकत दूरवरच्या पेटत्या शेगडीपर्यंत जाऊ शकते.

हां, गोळीने कधीच काही होत नाही असं समजू नका. ट्रेसर गोळी पेटतच जाते, पोलादी गाभ्याची गोळी लोखंडावर ठिणगी पाडू शकते, आणि गळती झालेल्या जागी उभं राहून गोळी झाडली तर बंदुकीच्या तोंडचा जाळच पुरेल. घरगुती गॅस सिलिंडरचं गणित अजून वेगळं, आत दाब असतो, त्याबद्दल वरचं काही लागू करू नका. आणि पेट्रोलचं रिकामं बॅरल तर कापूच नका, चुलीसाठी विटा मिळतात.

दाजी आजही म्हणतात की कटरच्या पाइपने बॅक मारला, म्हणजे ज्योत उलटी पाइपात शिरली, बॅरलचा दोष नव्हता. त्या पोराला दवाखान्यात पोचवून आल्यावर मी तो पाइप टोकापासून टोकापर्यंत हाताने तपासला होता. कुठे जळालेला नव्हता की फाटलेला नव्हता.